गुन्हेगार कागद जाळतो, सौदा करणारा परवानगी मागतो

पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जपानच्या युनिट ७३१ मधल्या डॉक्टरांना खटल्यापासून वाचवलं, असं वाचलं. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं लपून कशी राहिली? पत्रकारांनी ती बाहेर कशी काढली? सरकारने 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हटलं की पत्रकाराने थांबायचं का? आणि सगळे आरोपी मरून गेल्यावर हे उघडकीला आणून न्यायाला काय उपयोग?"

युद्धकाळातल्या गोपनीय कागदांवर मी बरीच वर्षं काम करते आहे, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

आधी 'लपून राहिली' याबद्दल. युनिट ७३१ म्हणजे मांचुरियात (ईशान्य चीनमध्ये), हार्बिनजवळच्या पिंगफांग इथे शिरो इशी या लष्करी डॉक्टरच्या हाताखाली चाललेलं जंतुयुद्धाचं केंद्र. जिवंत कैद्यांना प्लेग, कॉलरा, अँथ्रॅक्सची लागण करायची, हातपाय गोठवायचे, शुद्धीत असताना चिरफाड करायची. कैद्यांना तिथे 'मारुता' म्हणत, म्हणजे लाकडाचे ओंडके. एकट्या पिंगफांगमध्ये किमान तीन हजार माणसं मेली, असं तिथल्याच एका अधिकाऱ्याने पुढे साक्षीत सांगितलं. ही साक्ष डिसेंबर १९४९ मध्ये सोव्हिएत युनियनच्या खाबारोव्स्क शहरात झाली. तिथे बारा जपानी लष्करी माणसांवर उघड खटला चालला, आणि १९५० मध्ये त्याचं कामकाज इंग्रजीसह अनेक भाषांत छापूनही आलं. म्हणजे ज्याला वाचायचं होतं त्याच्यासाठी पुस्तक दुकानात होतं! पश्चिमेकडच्या वर्तमानपत्रांनी 'रशियन प्रचार' म्हणून ते बाजूला टाकलं. पुढे १९७६ मध्ये हारुको योशिनागा या जपानी टीव्ही पत्रकार बाईंनी त्या तुकडीतली माजी माणसं शोधून कॅमेऱ्यासमोर आणली.

अत्याचाराची गोष्ट अशी तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडलेलीच होती. जे बाहेर नव्हतं ते एवढंच: या माणसांना कोणी, कधी, कशाच्या बदल्यात सोडलं. सरकारला झाकायचा होता तो हा सौदा, आणि पत्रकाराने शोधायचा असतो तोही हाच. नवे बातमीदार इथे चुकतात असं मला नेहमी दिसतं. ते अत्याचाराचा पुरावा गोळा करण्यात वर्ष घालवतात आणि सौद्याच्या कागदापर्यंत पोचतच नाहीत.

गंमत म्हणजे अत्याचारापेक्षा सौद्याचा कागद सापडणं पुष्कळदा सोपं असतं. अत्याचार करणारा हरायला लागला की पहिल्यांदा शेकोटी पेटवतो. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा पोचायच्या आत इशीच्या माणसांनी पिंगफांगच्या इमारती सुरुंग लावून उडवल्या आणि उरलेले कैदी मारून टाकले. सौदा करणाऱ्याला असं काही करायची गरज वाटत नाही. तो जिंकलेल्या बाजूचा असतो, कचेरीत बसलेला असतो, आणि त्याला एकच भीती असते: उद्या हे अंगाशी आलं तर आपण एकटे सापडू. म्हणून तो वरच्याला विचारतो. वरचा समितीपुढे ठेवतो. समिती मत मागवते. प्रत्येक पायरीवर एक कागद जन्माला येतो आणि प्रत्येक कागदाच्या चार-सहा प्रती निघतात. जबाबदारी वाटून घ्यायची ही जी सरकारी सवय आहे ना, ती शोधपत्रकाराचा सगळ्यात मोठा आधार आहे.

युनिट ७३१ चा माग नेमका असाच लागतो. ६ मे १९४७ रोजी टोकियोहून, जपानचा ताबा सांभाळणारे अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या मुख्यालयातून, वॉशिंग्टनला तार गेली. तिचा मथितार्थ असा: ही माहिती गुप्तहेर खात्यापुरतीच राहील, युद्धगुन्ह्यांचा पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, असं संबंधित जपान्यांना सांगितलं तर आणखी माहिती मिळेल, कदाचित इशीकडूनही. मग वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्र, लष्कर आणि नौदल खात्यांच्या संयुक्त समितीत चर्चा सुरू झाली. ऑगस्ट १९४७ च्या टिपणात स्वच्छ लिहिलंय की या माहितीचं राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने मोल इतकं आहे की त्यापुढे खटला चालवण्याचं मोल फारच कमी ठरतं.

परराष्ट्र खात्याने हरकत घेतली. ती वाचताना पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं, चला, कोणीतरी नको म्हणालं. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की हरकत त्या डॉक्टरांना सोडण्याला नव्हती, तसं लेखी आश्वासन देण्याला होती. पुढेमागे अमेरिकेची गंभीर पंचाईत होईल, ही त्यांची काळजी. त्यांचं म्हणणं साधारण असं की वचन न देताही माहिती मिळेल. 'नैतिक आक्षेप' म्हणून फाईलमध्ये जे दिसतं ते बारकाईने वाचायला हवं ते यासाठी.

आणि मग तो कागद, जो मी शिकवायला बसले की सगळ्यात आधी काढते. १२ डिसेंबर १९४७. एडविन हिल नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ जपानमध्ये त्या डॉक्टरांना भेटून आले आणि त्यांनी अहवाल दिला. त्यात ते समाधानाने लिहितात की ही माहिती मिळवायला आतापर्यंत अडीच लाख येन खर्च आला, मूळ संशोधनाच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. शिवाय अशी माहिती आपल्या प्रयोगशाळांत मिळवता आली नसती, कारण माणसांवर प्रयोग करायला आपल्याकडे मन धजत नाही. तो अहवाल संपतो तो या आशेवर की ज्यांनी स्वखुशीने माहिती दिली त्यांची पुढे अडचण होऊ नये.

हे सगळं एकाच कागदावर आहे. काय मिळालं, किती पडलं, ते आपण स्वतः का करू शकत नव्हतो, आणि बदल्यात काय द्यायचं. लेखकाला त्यात काही वावगं वाटत होतं असं कुठेही दिसत नाही. कुणी शत्रूने केलेला आरोप असता तर वाद घालता आला असता. इथे खुद्द सौदा करणाऱ्याने जमाखर्च लिहून ठेवलाय. अशा कागदावर लिहिताना विशेषणं वापरायची नाहीत. रक्कम लिहायची, तारीख लिहायची आणि पुढे जायचं.

हे कागद लोकांपुढे आणणाऱ्यांत पहिलं ठळक नाव जॉन डब्ल्यू. पॉवेल यांचं. १९८० मध्ये 'बुलेटिन ऑफ कन्सर्न्ड एशियन स्कॉलर्स' आणि मग ऑक्टोबर १९८१ मध्ये 'बुलेटिन ऑफ द ॲटॉमिक सायंटिस्ट्स' या नियतकालिकांत त्यांनी अमेरिकी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मिळवलेल्या कागदांवर आधारलेले लेख लिहिले. त्या काळात ते कुठल्या मोठ्या वर्तमानपत्रात नव्हते, सॅन फ्रान्सिस्कोत जुन्या वस्तूंचं दुकान चालवत होते. त्याआधी शांघायहून निघणाऱ्या आपल्या मासिकात त्यांनी कोरियन युद्धात अमेरिकेने जंतू टाकल्याचे आरोप छापले होते आणि त्याबद्दल १९५६ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. १९५९ मध्ये खटला अर्ध्यावर रद्द झाला, १९६१ मध्ये आरोप मागे घेतले गेले.

या माणसाबद्दल मला आदर आहे, तरी त्यांची पूर्ण गोष्ट सांगायलाच हवी. कोरियातले जे आरोप त्यांनी छापले, त्यांवर १९९८ मध्ये बाहेर आलेल्या सोव्हिएत कागदांनी फार मोठं प्रश्नचिन्ह लावलं. त्या कागदांनुसार काही पुरावे बनवलेले होते. एकच पत्रकार एका बाबतीत कागदांच्या जोरावर पक्का ठरतो आणि दुसऱ्या बाबतीत तसा आधार उरत नाही. खाबारोव्स्कचंही तेच. स्टालिनच्या राजवटीतला खटला, निकाल आधीच ठरल्यासारखा. तरीही तिथे सांगितलेल्या पिंगफांगच्या मूळ गोष्टी पुढे अमेरिकी कागदांशी जुळल्या. सांगणारा कोण हे पाहून पुरावा फेकायचाही नसतो आणि डोक्यावरही घ्यायचा नसतो. दुसऱ्या, त्याच्याशी वैर असलेल्या बाजूच्या कपाटात तीच गोष्ट आहे का, एवढंच बघायचं.

आता हात घालायचा कसा ते सांगते. अमेरिकेच्या बाबतीत सांगते, कारण तुमचा प्रश्न तिथला आहे आणि तिथली व्यवस्था मी वापरली आहे.

मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथे राष्ट्रीय अभिलेखागाराची मोठी इमारत आहे. कागद तिथे खात्यांप्रमाणे गटांत लावलेले असतात: लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाच्या व्यक्तींवरच्या फायली गट ३१९ मध्ये, परदेशी शास्त्रज्ञांच्या फायली गट ३३० मध्ये, जपानवरच्या दोस्तांच्या ताब्याचे कागद गट ३३१ मध्ये. तुम्ही खोका मागवता, उघडता, आणि मधेच एक वेगळाच कागद हाताला लागतो: 'इथला दस्तऐवज काढून ठेवला आहे' असं सांगणारा. नवखा माणूस तो बघून हिरमुसतो. मी तोच आधी शोधते! कारण त्यावर बहुधा काढलेल्या कागदाची तारीख, कोणाकडून कोणाला, किती पानं, हे लिहिलेलं असतं. म्हणजे काय मागायचं ते त्यांनीच तुम्हाला सांगितलेलं असतं. 'अमुक विषयावरची सर्व माहिती द्या' असा अर्ज केला की वर्षानुवर्षं उत्तर येत नाही. 'अमुक तारखेचं, तमुकने तमुकला लिहिलेलं, तीन पानांचं पत्र' असं मागितलं की 'आढळून येत नाही' म्हणणं त्यांना जड जातं.

दुसरं, एकच कागद निरनिराळ्या खात्यांकडे मागा. पत्राच्या तळाशी प्रती कोणाकोणाला गेल्या त्याची यादी असते. तिथली प्रत्येक कचेरी म्हणजे एक वेगळं कपाट आणि गोपनीय मजकुरावर काळी पट्टी ओढणारा एक वेगळा माणूस. मला एकदा एकाच पानाच्या दोन प्रती दोन वर्षांच्या अंतराने मिळाल्या. एकीत दुसरा परिच्छेद काळा, दुसरीत चौथा. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या आणि पान पूर्ण वाचता आलं. हे मोठ्या प्रमाणावर झालेलंही आहे. अमेरिकेच्या न्याय खात्यात नाझी गुन्हेगारांचा माग काढणारी शाखा १९७९ पासून होती. तिच्या कामाचा सुमारे सहाशे पानांचा अंतर्गत इतिहास खात्याने दाबून ठेवला होता. नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या बिगरसरकारी संस्थेने दावा लावला तेव्हा जागोजाग खोडलेली प्रत हातात आली. नोव्हेंबर २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पूर्ण प्रत मिळवली. मग दोन्ही शेजारी ठेवून कोणालाही बघता आलं की सरकारला नेमकं काय खोडावंसं वाटलं होतं. खोडलेल्या जागा हीच स्वतंत्र बातमी असते.

तिसरं, हातात आलं त्याच दिवशी प्रत काढा. कागद एकदा खुला झाला म्हणजे खुला राहतो असं नाही. व्हिएतनाम युद्धातल्या अत्याचारांच्या तपासाच्या सुमारे नऊ हजार पानांच्या लष्करी फायली १९९४ मध्ये खुल्या झाल्या होत्या. त्यांच्या आधारे २००६ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये डेबोरा नेल्सन आणि निक टर्स यांनी लिहिलं की माय लाय गावातलं कुप्रसिद्ध हत्याकांड सोडून आणखी ३२० घटना लष्कराच्या स्वतःच्या तपासात खऱ्या ठरल्या होत्या. त्या फायली मधल्या काळात खाजगी माहितीचं कारण देऊन खुल्या कपाटातून काढल्या गेल्या. त्याच वर्षी हेही उघड झालं की १९९९ पासून वेगवेगळ्या खात्यांनी अभिलेखागारातले पंचवीस हजारांहून अधिक खुले दस्तऐवज गुपचूप परत आत घेतले होते.

माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होईल. टोकियो आणि वॉशिंग्टनमधल्या दोन तारा मी लेखात वापरल्या आणि क्रम उलटा लावला. लष्करी तारांवर दिवस आणि वेळ एका आकड्यात असते आणि शेवटी झेड हे अक्षर असतं. ती ग्रीनिचची वेळ. एका तारेवर ती होती, दुसऱ्या कागदावर टोकियोची स्थानिक तारीख टंकलेली होती. टोकियो ग्रीनिचच्या नऊ तास पुढे. मी दोन्ही एकच धरल्या, आणि माझ्या लेखात वॉशिंग्टनने आधी सुचवलं आणि टोकियोने मान्य केलं असं झालं. खरं उलट होतं. आमच्या संपादक बाईंनी छापायच्या आदल्या संध्याकाळी विचारलं, "ही तारीख तिथली की इथली?" मी रात्रभर बसून पुन्हा मांडणी केली. सौद्याच्या गोष्टीत आधी कोण बोललं यावर सगळी जबाबदारी ठरते. तेव्हापासून मी दोन रकाने करते: मूळ कागदावरची वेळ, आणि ग्रीनिचमध्ये बदललेली वेळ.

कधीकधी सौदा कागद लपवून होत नाही, कागद बदलून होतो. जर्मन शास्त्रज्ञांना अमेरिकेत नेण्याच्या 'ऑपरेशन पेपरक्लिप'ची मोहीम तशी. साधारण सोळाशे माणसं नेली. नियम असा होता की कट्टर नाझींना घ्यायचं नाही. रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फोन ब्राउन यांच्यावरचा सप्टेंबर १९४७ चा सुरक्षा अहवाल म्हणतो की जर्मनीतल्या अमेरिकी लष्करी राज्यपालांच्या मते ही व्यक्ती सुरक्षेला संभाव्य धोका आहे. पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, त्याच कचेरीचा नवा अहवाल म्हणतो की नाझी पक्षाच्या नोंदी सोडल्या तर प्रतिकूल माहिती उपलब्ध नाही आणि ही व्यक्ती धोका नसावी. माणूस तोच, भूतकाळ तोच. मधल्या काळात वॉशिंग्टनहून 'अहवाल पुन्हा तपासून नवे पाठवा' अशी विनंती गेली होती. लिंडा हंट या पत्रकार बाईंनी एप्रिल १९८५ मध्ये हे मांडलं ते असे दोन-दोन अहवाल शेजारी ठेवून. ज्या भुयारी कारखान्यात फोन ब्राउन यांची रॉकेट्स बनत होती, तिथल्या मित्तेलबाऊ-डोरा छावणीतल्या सुमारे साठ हजार कैद्यांपैकी वीस हजारांच्या आसपास मेले. अहवालांत हा आकडा नाही. त्याची जागा पत्रकाराने भरायची.

आता 'राष्ट्रीय सुरक्षे'चा प्रश्न. मी ते शब्द हसण्यावारी नेत नाही. चालू युद्धात फौजा कुठे आहेत, कोणता माणूस कुणासाठी काम करतो आहे, हे छापणं म्हणजे कुणाचा तरी जीव घेणं. असं काही माझ्या हाताला लागलं आहे आणि मी ते छापलेलं नाही. पीडितांच्या नातेवाइकांची नावंही त्यांना विचारल्याशिवाय मी देत नाही. पण हे शब्द कागदावर दिसले की एकच गोष्ट विचारायची: हे कुणापासून लपवलं जातंय? १९४७ मध्ये सोव्हिएत वकिलांनी स्वतः इशीची चौकशी करू द्या म्हणून मागणी केली होती. पिंगफांगमध्ये काय झालं हे मॉस्कोला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या मतदारांना, आणि चीनमधल्या ज्यांची माणसं गेली त्यांना.

अमेरिकेचा स्वतःचा नियमच हा फरक मान्य करतो. २००९ च्या अध्यक्षीय आदेश क्रमांक १३५२६ मध्ये लिहिलंय की कायद्याचा भंग, अकार्यक्षमता किंवा प्रशासकीय चूक झाकण्यासाठी, किंवा कुणाची नाचक्की टाळण्यासाठी कागद गोपनीय करता येणार नाही. अपील करताना हे कलम मी नेहमी शब्दशः टाकते.

आणि ते टाकायची गरज का पडते, याचं उदाहरण एका विमानाचं आहे. ६ ऑक्टोबर १९४८ रोजी जॉर्जिया राज्यात वेक्रॉसजवळ बी-२९ विमान कोसळलं. तेराजणांपैकी नऊ मेले, त्यात काही नागरी तंत्रज्ञ होते. तीन विधवांनी नुकसानभरपाईचा दावा लावला आणि अपघाताचा अहवाल मागितला. हवाई दलाने सांगितलं की त्यात गुप्त उपकरणांची माहिती आहे, देता येणार नाही. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवाल न बघताच सरकारचं म्हणणं धरलं, आणि 'राज्याच्या गुपिताचा विशेषाधिकार' अमेरिकी कायद्यात पक्का बसला. पुढची कित्येक दशकं, छळाच्या आणि पाळत ठेवल्याच्या दाव्यांतसुद्धा, सरकारी वकील याच निकालाचा हवाला देत आले. २००० साली त्या तंत्रज्ञांपैकी एकाच्या मुलीला तो अहवाल इंटरनेटवर सापडला. तोवर तो गोपनीय राहिलेला नव्हता. त्यात गुप्त उपकरणांचा तपशील नव्हता. इंजिनाला आग लागली होती, आणि उष्णतेपासून बचाव करणाऱ्या ज्या पट्ट्या बसवायचा आदेश होता त्या बसवल्याच नव्हत्या. कुटुंबं पुन्हा न्यायालयात गेली. २००५ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. ज्या कागदावर एक आख्खं तत्त्व उभं राहिलं, तो कागद न्यायाधीशांनी कधी उघडलाच नव्हता.

तडजोड करणाऱ्यांबद्दलही न्यायाने लिहायला हवं, हे मी आग्रहाने सांगते. १९४७ मध्ये टोकियोत बसलेल्या अधिकाऱ्याला पुढचं युद्ध रशियाशी होणार असं खरंच वाटत होतं. ते दडपण लेखात आलं पाहिजे, नाहीतर तो लेख म्हणजे नुसता निवाडा होईल. पण त्याला तेव्हा काय माहीत होतं, हे त्याच्याच कागदावरून ठरवा. 'आपल्याकडे मन धजत नाही' असं लिहिणाऱ्याला आपण काय विकत घेतोय हे पुरतं कळलेलं होतं.

शेवटी तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न, न्यायाला उपयोग काय. जपानच्या बाबतीत उत्तर क्लेशदायक आहे. इशी १९५९ मध्ये आजाराने मेला, खटला कधी झालाच नाही. ऑगस्ट २००२ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने १८० चिनी दावेदारांच्या प्रकरणात मान्य केलं की युनिट ७३१ ने जंतुयुद्ध केलं होतं, पण भरपाई नाकारली. त्या निकालाआधी एकाही जपानी न्यायालयाने एवढंही म्हटलेलं नव्हतं. २०१८ मध्ये जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तुकडीतल्या ३,६०७ जणांची नावं खुली केली. गेलेल्या माणसांच्या घरच्यांना हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

पण गुप्ततेची किंमत कायद्याच्या भाषेत मोजायची असेल तर क्लाउस बार्बीचं प्रकरण वाचा. हा फ्रान्समधल्या ल्यों शहराचा गेस्टापो (नाझी गुप्त पोलीस) अधिकारी. १९४७ पासून अमेरिकी लष्करी गुप्तवार्ता विभागाने त्याला कामावर ठेवलं, फ्रान्स मागत असताना लपवलं आणि १९५१ मध्ये खोट्या नावाने बोलिव्हियाला पाठवून दिलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नाझी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या बीआटे क्लार्सफेल्ड यांनी त्याला तिथे हुडकलं. १९८३ मध्ये तो फ्रान्सच्या ताब्यात आला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्याच्या ॲलन रायन यांनी चौकशी करून अहवाल दिला. अमेरिकेने फ्रान्सची रीतसर माफी मागितली. मात्र १९५० च्या दशकात त्याच्या गैरहजेरीत झालेल्या देहदंडाच्या शिक्षांची मुदत वीस वर्षांनी संपून गेली होती. त्याला जितकी वर्षं दडवलं, तितके गुन्हे कायद्याच्या हातून निसटले. खटला उभा राहू शकला तो १९६४ च्या फ्रेंच कायद्यामुळे, ज्याने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना मुदत ठेवली नाही.

त्या खटल्यात सगळ्यात जड ठरलेला कागद म्हणजे एक तार. ६ एप्रिल १९४४ रोजी इझियू गावातल्या बालगृहावर धाड घालून बार्बीच्या माणसांनी तिथली ज्यू मुलं उचलली, आणि त्याच रात्री बार्बीच्या नावाने पॅरिसला तार गेली: ३ ते १३ वयाची ४१ मुलं पकडली, शिवाय १० प्रौढ. हाही वरच्याला कळवण्यासाठीच लिहिलेला कागद. १९८७ मध्ये त्याला जन्मठेप झाली, १९९१ मध्ये तो तुरुंगात मेला.

तुम्ही ही तार बघाल तेव्हा बेरीज करा. एकूण ५१. बालगृहातून नेलेली माणसंही ५१ च, पण त्यांत मुलं ४४ होती आणि प्रौढ ७. म्हणजे वयाने जरा मोठी असलेली तीन मुलं तारेत प्रौढांच्या रकान्यात गेली. नुसती तार छापली असती तर ती तीन मुलं हिशेबातून कायमची गळली असती. ती परत आली कारण क्लार्सफेल्ड पतिपत्नींनी तारेवर न थांबता एकेका मुलाचं नाव, जन्मतारीख आणि घरची पत्रं शोधली. पहिली फाईल हातात आली की तुम्हीही तेवढं करा: सरकारी आकडा एका रकान्यात, आणि दुसऱ्या कुठून तरी मिळवलेली माणसांची यादी शेजारच्या रकान्यात.